लवू मेस्त्रीने सोडलेला बांगडा

लवू मेस्त्रीने आयुष्यभर खोट्या वस्तू खऱ्या हातांनी केल्या. गोरेगावच्या स्टुडिओत तो सेटचा सुतार होता. प्लायवूडचे राजवाडे, फळकुटांची देवळं, पाठीमागून टेकू दिलेले किल्ले त्याने उभे केले आणि शूटिंग संपल्यावर आपल्याच हातांनी पाडले. एकदा त्याने अख्खं हॉस्पिटल उभारलं होतं. त्या हॉस्पिटलात पेशंट शेवटी हमखास उठून बसे, कारण हिरोला मारायची कोणाची प्राज्ञा नव्हती. खांब वाजवून बघितला तर आतून पोकळ. पण रंधा खरा होता, रंध्यातून निघणारी लाकडाची साल खरी होती, आणि संध्याकाळी भांडुपच्या घरी ताटात पडणारा बांगडा तर त्या दिवसातली सगळ्यात खरी गोष्ट होती.

बांगडा खाताना तो बोलत नसे. देवगडकडून गिरणीत आलेल्या त्याच्या बापाचीही तीच रीत. डोंगरावर रात्र होताना झाडं जशी गप्प होत जातात, तसा लवू ताटावर बसला की घर गप्प होई. बायको जानकी समोर बसून फक्त त्याच्या बोटांकडे बघे. बोटं थांबली की समजायचं, आज मसाल्यात तिरफळ जास्त पडलं.

साठी उलटली आणि त्याच्या किडन्या थकल्या. साखर आणि रक्तदाब यांनी वर्षानुवर्षं आतून पोखरलं होतं, वाळवीसारखं, वरचं पॉलिश शाबूत ठेवून. डॉक्टर म्हणाले, किडनीवरचं ओझं कमी करा. डाळ कमी, मासे कमी, मटण तर नकोच. सांभाळलं तर डायलिसिसच्या मशीनची पाळी लांबेल.

जानकीने हे ऐकलं आणि तिच्या मनात ते डॉक्टरांच्याही पुढे गेलं. ती लवूला घेऊन गावी गेली. देवळात भाऊ घाडी उभा राहिला. गावाच्या वतीने देवाशी बोलायचं काम त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं. नारळ हातात धरून त्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या किडनीर जा संकट इला असा, ता तुझ्या पायाकडे ठेवतंय. मशीनची पाळी हेच्यार येवक देऊ नको. त्येच्या बदल्यात ह्या लेकरू आजपासून मासो, मटण, अंडा तोंडाक लावचा नाय." आणि देवळातल्या चार माणसांनी म्हटलं, "होय म्हाराजा."

लवूनेही म्हटलं. पण जरा उशिरा म्हटलं, आणि हळू म्हटलं.

देव आणि डॉक्टर एकाच बाजूला उभे राहिल्याचा योग फार माणसांच्या वाट्याला येत नाही. लवूच्या वाट्याला तो आला, आणि पावसाळा सरायच्या आत संपला. किडन्यांनी हात टेकले. मशीनच्या सुईसाठी हातातली शीर जोडून घेतली आणि आठवड्यातून तीनदा लवू रिक्षाने मुलुंडच्या डायलिसिस सेंटरला जाऊ लागला. मशीनशेजारी पडून तो आपलं रक्त नळीतून बाहेर जाताना आणि धुऊन परत येताना बघे. पहिल्या दिवशी तो नर्सला म्हणाला, "आमच्या सेटार ह्या मशीन आमी खोक्याचा करू. लाल दिवो लावला की काम झाला."

तिथे आहाराचं बघणारी गंधाली नावाची मुलगी होती. तिने रिपोर्ट बघितला, मग लवूचे दंड बघितले, मग विचारलं, "काका, जेवता काय?"

"भात. दुधी. पडवळ. कधी दोडको."

"आणि?"

"आणि परत दुधी."

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनी," लवू म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

कारण लवू आजारी पडला त्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये सल्ल्यांना बहर आला होता. जिन्यात, गच्चीवर, लिफ्ट बंद पडलेली असताना लिफ्टच्या दारात, प्रत्येकाला किडनीबद्दल काहीतरी माहीत होतं. वरच्या मजल्यावरच्या द्रौपदीमावशींच्या भाच्याला मेथीच्या पाण्याने गुण आला होता. त्याला मूळव्याध होती, ही गोष्ट वेगळी. आणि या सगळ्यांचे मुकुटमणी होते चौथ्या मजल्यावरचे मधुकर आगाशे. अंधेरीच्या एका कचेरीत जन्म काढून ते निवृत्त झाले होते, आणि तिथे तुंबलेलं सगळं बोलणं आता सोसायटीत मोकळं करत होते. ते रोज सकाळी येत, लवूच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसत.

"मेस्त्री, सगळ्या रोगांचं मूळ मांसाहार," ते म्हणत. "आमच्या घराण्यात बघा. सात पिढ्यांत अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. आणि एकाची तरी किडनी गेलीय का?"

जानकी मान हलवी. लवू छताकडे बघे. कारण लवूला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती त्याने कोणाला, अगदी जानकीलाही, कधी सांगितली नव्हती. पुष्कळ वर्षांपूर्वी स्टुडिओजवळच्या एका मालवणी खानावळीत दुपारी जेवायला शिरताना, कोपऱ्यातल्या टेबलाशी दाराकडे पाठ करून बसलेले आगाशे त्याला दिसले होते. समोर अख्खा बांगडा होता. आणि माणूस तो बांगडा असा सोडवत होता, की एक काटा मोडला नाही, एक कण वाया गेला नाही. शेवटी ताटात नुसता कणा उरला, फणीसारखा स्वच्छ. लवूने उभं राहून ते हाताचं कसब बघितलं. कारागिराला कारागीर कळतो. मग तो मागच्या मागे निघाला आणि त्या दिवशी वडापाव खाऊन राहिला.

गंधालीने त्याला समजावून सांगितलं. मशीन लागायच्या आधी प्रोटीन कमी खा असं सांगतात, कारण त्याची घाण किडनीला काढावी लागते. आता ते काम मशीन करतंय. पण मशीन रक्त धुताना थोडं प्रोटीनही वाहून नेतं, आणि तुमच्या ताटात तर भरपाईला काहीच नाही. म्हणून रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन उतरतंय. पायावरची सूज काही अंशी त्याचीच आहे. शरीर आता आपलेच स्नायू मोडून खातंय.

"म्हणजे नियम उलटो झालो?" लवूने विचारलं.

"या एका बाबतीत अगदी उलटा. पाणी, मीठ, नारळपाणी, फळं यांचे नियम आहेत तसेच कडक. पण अंड्याचा पांढरा भाग, मासे, चिकन, हे आता औषध समजून खायचं. सुके मासे तेवढे नकोत, त्यात मीठ फार."

औषध समजून बांगडा. लवूला वाटलं, पलंगावरून उठून या पोरीच्या पाया पडावं. मग त्याला देऊळ आठवलं.

घरी गेल्यावर त्याने जानकीला मुलाच्या नावाने हाक मारून विषय काढला. "नितेशचे आवशी, देवान आपली बाजू पाळल्यान नाय. मशीन नको म्हणान आपण मासे सोडले. मशीन इला. मग माका कित्याक बांधून ठेवलंस?"

"मशीन इला, पण तुमी असात मां?" जानकी म्हणाली. "जीव ठेवल्यान ना देवान? आता तुमी उलटलात तर..." तिने पुढचं वाक्य पदराने पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बिल्डिंगला कळलं आणि वाद पेटला. अंड्याचा पांढरा भाग मांसाहार की नाही, यावर गच्चीवर दोन तट पडले. एक तट म्हणाला, पांढऱ्यात जीव नसतो. दुसरा म्हणाला, मग जीव काय नुसता पिवळ्यात बसून वाट बघतो? आगाशे म्हणाले, "मेस्त्री, हे डॉक्टर लोक आज एक सांगतात, उद्या दुसरं. तुम्ही आपला दुधीचा रस चालू ठेवा. पेलाभर, अनशापोटी." त्या रसाचं पाणी अंगात साचून लवूला दम लागला. सेंटरमध्ये गंधालीने विचारलं, "रस कोण देतं?" लवू म्हणाला, "शेजार." ती म्हणाली, "शेजाराला सांगा, पुढचा पेला त्यांनी प्यावा."

नवस मोडायचा नाही म्हटल्यावर तिने दुसरी वाट दाखवली. शाकाहारी माणसंही डायलिसिसवर नीट राहतात; पनीर खा, सोया खा, डाळ मापाने खा. जानकीने मनापासून सगळं केलं. लवूने पनीरचा तुकडा बोटांनी दाबून बघितला. "ह्या ओला थर्माकोल," तो म्हणाला. "बर्फाचे डोंगर मी ह्येचेच केलंय." सोयाच्या वड्या बघून म्हणाला, "आणि ह्यो पॉलिश पुसूचो स्पंज." डायलिसिसने भूक तशीच मेलेली असते. दोन घास गेले की तो ताट सारी. पेशंटसाठीची पावडर आणली, ती त्याने एकदा घेतली आणि दोनदा बाहेर काढली.

"शाकाहारी लोक पनीर खातात, काका," गंधाली म्हणाली. "तुम्ही ते नुसतं बघता."

या सगळ्यात फ्रिजवर एक डबा होता. काळा, चकचकीत, पूर्वी ज्यात गावाहून तांदूळ आले असते एवढा मोठा. तो होता नितेशचा. नितेश हा लवूचा मुलगा घाटकोपरला एका ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसे आणि संध्याकाळी जिममध्ये जाऊन खुर्चीचं पाप फेडी. सकाळी तो त्या डब्यातलं प्रोटीन दुधात घुसळून पीत असे, वर सहा अंड्यांचा पांढरा भाग. आणि शेजारच्या खोलीत त्याचा बाप, ज्याच्या अंगातून प्रोटीन नळीने वाहून चाललं होतं, दुधीच्या फोडीकडे बघत बसलेला असे. एकाच स्वयंपाकघरात, एकाच शेगडीवर, ज्याला गरज नव्हती त्याचे दंड फुगत होते आणि ज्याला गरज होती त्याच्या सदऱ्याच्या बाह्या रिकाम्या होत होत्या. आणि हे कोणालाच विचित्र वाटत नव्हतं. नितेश तर प्रेमाने म्हणे, "बाबा, कंट्रोल ठेवा ना यार. बॉडी आहे तर सगळं आहे."

मग एका सकाळी न्हाणीघराचं दार फुगून अडकलं. लवू म्हणाला, मी करतंय. त्याने पलंगाखालून रंधा काढला, आणि दाराच्या कडेवर ठेवला. ज्या हातांनी राजवाडे उभे केले त्या हातातून तो रंधा निसटला आणि फरशीवर पडला. लवूने तो उचलायला वाकून बघितलं. मग तो तसाच खाली बसला. जानकी दारात उभी होती. तिने त्याच्या मानेकडे बघितलं, त्या मानेत दोन शिरांच्या मधे वाटीभर खड्डा पडला होता. त्याच आठवड्यात गंधालीने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हे असंच चाललं तर ऍडमिट करावं लागेल, आणि मग साधा ताप आला तरी लढायला अंगात काही उरलेलं नसेल.

एकीकडे देव होता, दुसरीकडे ही मान. जानकी रंध्याशेजारी खाली बसली.

"गो," लवू हळूच म्हणाला, "हिरो आजारी पडलो तर शूटिंग थांबता काय? डुप्लिकेट उडी मारता. पब्लिकाक पत्तो लागणा नाय. भाऊक फोन लाव. इचार, देवाकडे डुप्लिकेट चलता काय."

एरवी ती चिडली असती. त्या दिवशी तिने फोन लावला.

भाऊ घाडीला गावात रेंज मिळायला देवळाच्या ओट्यावर चढावं लागतं, त्यामुळे त्याचं प्रत्येक बोलणं देवाच्या साक्षीनेच होतं. त्याने रविवारी सकाळी फोन करा म्हणून सांगितलं. रविवारी फोन स्पीकरवर ठेवला, आणि स्पीकरवर फोन म्हटल्यावर जिन्यातली चपलांची रांग आपोआप लवूच्या दारापर्यंत आली. आगाशे अर्थातच खुर्ची घेऊन बसले होते, शेजारी त्यांची बायको स्वरदा.

"चलता," भाऊचा आवाज आला. "बदलीक मनीस चलता. आमच्या बापाशीन असा एकदा केल्यान होता. पण जेना मागला तेना घेवन चलाचा नाय. म्हणजे जानकी नाय."

"मगे नितेश?" जानकीने विचारलं.

"घरचो नको. घरच्यान घेतल्यान तर ता ह्या खिशातला त्या खिशात. भायरचो व्हयो, तुमच्या घरात जेवलेलो व्हयो."

नितेशने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला.

"आणि एक," भाऊ म्हणाला, "तो खाणारो व्हयो. जो खाय नाय तो सोडतलो काय, वारो? जल्मभर मासो, मटण, अंडा बंद. आसा कोण?"

खोलीत माणसं दाटीवाटीने उभी होती. सगळी कोकणातली, सगळी लवूच्या घरी जेवलेली, सगळ्यांनी सहा महिने त्याला काय खावं आणि काय खाऊ नये ते सांगितलेलं. आता प्रत्येकाला काहीतरी आठवलं. एकाच्या मुलीचं लग्न ठरत होतं, व्याही मालवणचे. दुसरा म्हणाला, मी श्रावणात सोडतंय, चलात? भाऊ म्हणाला, श्रावणात सगळेच सोडतत. द्रौपदीमावशी म्हणाल्या, "माझ्या दातांका आता भाजी झेपणा नाय." एकजण गॅस बंद केला का बघायला गेला आणि आलाच नाही. सल्ला द्यायला काही पडत नव्हतं. बांगडा द्यायची वेळ आल्यावर दाराशी गर्दी पातळ झाली.

जानकीची नजर फिरत फिरत आगाशांवर आली, आणि पुढे गेली. त्यांना काय विचारायचं? सात पिढ्यांत टरफलसुद्धा नाही.

"मी घेतलं असतं हो, वहिनी," आगाशे गळा साफ करून म्हणाले. "पण आमच्याकडे मुळात... म्हणजे तुम्ही जाणताच."

सगळ्यांनी मान डोलावली. आगाशे सुटले होते. त्यांनी लवूकडे बघितलं, एखादा सल्ला सुचतो का म्हणून. लवू त्यांच्याकडे बघत नव्हता. तो फरशीकडे बघत होता. त्याचा जीव या खोलीत अधांतरी लोंबत होता, आणि त्याने नुसतं वर बघितलं असतं तरी काम झालं असतं. पण तो त्या एका फरशीच्या कोपऱ्याकडे असा बघत राहिला, जणू तिथे काही मोजमाप घ्यायचं आहे. ज्याला काही ठाऊक नसतं तो माणूस इकडे तिकडे बघतो. इतकं जपून खाली बघणारा माणूस सगळं ठाऊक असणारा असतो.

आगाशांना ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"मी खातो," ते म्हणाले.

"कोण बोललो?" फोनमधून भाऊ म्हणाला. "जरा मोठ्यान. हय वारो असा."

"मी खातो," आगाशे मोठ्याने म्हणाले. "मधुकर आगाशे, चौथा मजला."

"काय खातास?"

"बांगडा. सुरमई. मोसमात बोंबील." ते थांबले. आता निघालंच आहे तर खोटं कशाला, असं त्यांना वाटलं असावं. "मटणही. पण मासे जास्त."

"कधीपासून?"

"कचेरीत लागल्यापासून."

सगळे स्वरदाबाईंकडे बघायला लागले. त्या शांतपणे म्हणाल्या, "बुधवारी मुलुंडला ज्येष्ठांच्या सभेला जाता आणि मूठभर बडीशेप चावत येता. मला वाटायचं, कधीतरी सांगाल. एवढ्या माणसांपुढे सांगाल असं नव्हतं वाटलं."

"सोडतलास?" भाऊने विचारलं.

आगाशांच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी काय आलं ते त्यांनाच माहीत. "सोडतो," ते म्हणाले. सहा महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द, ज्याचा लवूच्या किडनीला काही उपयोग होता.

मग ओट्यावरून भाऊने गाऱ्हाणं घातलं. मधेच रेंज गेली, परत आली. देवाने मधला भाग समोरासमोर ऐकला असेल. शेवटी खोलीतल्या सगळ्यांनी म्हटलं, "होय म्हाराजा." आगाशांनीही म्हटलं. जरा उशिरा म्हटलं, आणि हळू म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून नितेशच्या सहा अंड्यांतली निम्मी बापाच्या ताटात जाऊ लागली. पहिला बांगडा बुधवारी आला. गंधालीने सांगितल्याप्रमाणे मीठ नावाला, खोबरं अगदी थोडं, आमटी नाही, आणि जेवणाबरोबर घ्यायची गोळी ताटाच्या कडेला. जानकीने ताट ठेवलं तेव्हा दारावर टकटक झाली. आगाशे होते. हातात छत्री, अंगावर सभेला जायचा झब्बा.

"सभेला नाही गेलात?" जानकीने विचारलं.

"तिथे आता काय आहे," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून लवूच्या समोर बसले.

लवूने बांगड्याला हात लावला. इतक्या महिन्यांनी बोटांना वाटच सापडेना. त्याने पोटाकडून एक तुकडा तोडला, काटा मोडला आणि घासात आला. त्याने तो जिभेवरून काढून ताटाच्या कडेला ठेवला. परत तोडायला गेला.

आगाशांना राहवलं नाही. ते पुढे वाकले. वास त्यांच्या चेहऱ्यावर आला, त्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

"पोटाकडून नको, मेस्त्री," ते हलक्या आवाजात म्हणाले. "डोक्यामागे अंगठा ठेवा. हां. आता कण्याला लागून, शेपटीकडे, दाब न देता. तो आपणहून सुटतो. ओढू नका."

लवूने डोक्यामागे अंगठा ठेवला. सहा महिने या माणसाचं ऐकून त्याचं नुकसान झालं होतं. आज त्याने ऐकलं, आणि बांगड्याची अख्खी बाजू कण्यावरून अलगद सुटून ताटात आली. त्याने पहिला घास घेतला. घर गप्प झालं.

आगाशे त्याच्या बोटांकडे बघत राहिले.

"तिरफळ बरोबर पडलंय का?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

लवू जेवताना बोलत नसे. त्याने नुसती मान हलवली, आणि दुसऱ्या बाजूला हात घातला.